रात्री पावणेदहाला मनात येणारं वाक्य

डोंबिवलीहून एका बाईंनी प्रश्न विचारला आहे. वय ३८, फोर्टमधल्या एका बँकेत क्लार्क. घरी नवरा, सासूबाई आणि नववीतली मुलगी. बँक कर्मचाऱ्यांसाठी असलेली जेएआयआयबीची परीक्षा त्यांनी दोनदा दिली. तीन पेपर सुटले, अकाउंटिंगचा मात्र दोन्ही वेळा राहिला, शेवटच्या वेळी १०० पैकी ४१ मार्क. गेले चार महिने त्या रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी हुशार आहे, मी यशस्वी आहे’ असं २१ वेळा म्हणतात. कुणीतरी तसं करायला सांगितलं होतं. त्या लिहितात, “म्हणून झालं की धीर यायचा सोडून रडूच येतं. मानसिकता बदलली की सगळं जमतं म्हणतात. मग माझ्यातच काही खोट आहे का? स्वतःशी बोलण्याचा खरंच काही उपयोग असतो का?”

ताई, खोट तुमच्यात नाही. गेली २४ वर्षं मी दादरला समुपदेशन करते आहे आणि आरशासमोरच्या या वाक्यांनी आणखी खचलेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोॲन वुड यांनी २००९ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच वाईट होतं, त्यांनी स्वतःची भलावण करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्यांना आधीपासून बरं वाटत होतं, त्यांना थोडासा फायदा झाला. म्हणजे ज्यांना गरज होती, नेमकं त्यांनाच ते औषध बाधलं.

तुम्ही बँकेत आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. खात्यात शिल्लक नसताना चेक फाडला की तो परत येतो, आणि वर दंडही बसतो. तुम्ही म्हणता ‘मी यशस्वी आहे’, आणि मन लगेच पासबुक उघडून बसतं: दोनदा नापास, ४१ मार्क, मुलीसमोर खाली घातलेली मान. तुम्ही एकदा म्हणता तोवर मन तीन पुरावे काढून दाखवतं. रोज २१ वेळा म्हणजे रोज २१ वेळा ही उलटतपासणी. रडू येईल नाहीतर काय! उद्यापासून ते बंद करा. त्यात काही मोडलं, पाप लागलं असं काही नाही.

पण स्वतःशी बोलणं मात्र बंद होणार नाही, कारण ते आपण मुद्दाम करतच नाही. ते चालूच असतं. आरशासमोरच्या पाच मिनिटांनी तुमची परीक्षा ठरत नाही. ठरते ती रात्री पावणेदहाला. ओटा पुसून झालेला असतो, मुलीचा डबा धुवून पालथा घातलेला असतो, पुस्तक टेबलावर असतं, आणि मनात एक वाक्य येऊन जातं. अर्ध्या सेकंदाचं. बहुतेकांना ते ऐकूही येत नाही, फक्त त्याचा परिणाम दिसतो: आपण पुस्तकाकडे न जाता मोबाईल घेऊन पलंगावर पडलेलो असतो. माझं सगळं काम त्या अर्ध्या सेकंदाच्या वाक्यावर असतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, नुसतं ऐकायचं. छोटी वही पर्समध्ये ठेवा. अभ्यास टळला की त्या क्षणी मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करून नाही. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असं लिहिलेलं मला चालत नाही, ते वर्णन झालं. वाक्य हवं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या वह्यांत साधारण अशी वाक्यं असतात: ‘आता काय वय आहे का हे करायचं.’ ‘दमलेय, उद्या बघू, तसंही काय होणारे.’ ‘आमच्याकडे कुणाला गणित आलंय, मला येईल?’ ‘सासूबाई काय म्हणतील, घर सोडून पुस्तकं घेऊन बसली.’ एका गृहस्थांच्या वहीत सात दिवसांत ११ वेळा एकच शब्द होता: ‘जाऊदे’. त्यांना स्वतःलाच धक्का बसला होता. आपण दिवसाला दीडदा ‘जाऊदे’ म्हणतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वही भरली की एक गोष्ट तपासा: हा आवाज कुणाचा आहे? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३०च्या सुमारास एक साधं निरीक्षण मांडलं होतं. लहान मुलं खेळताना मोठ्याने स्वतःशी बोलतात, ‘आता हा निळा ठोकळा इथे’, आणि पुढे तेच बोलणं आत जातं, त्याचा विचार होतो. मोठी माणसं मुलांशी ज्या शब्दांत बोलतात तेच शब्द मूल उचलतं. म्हणजे मनातली बडबड मुळात बाहेरून आलेली असते. ‘आमच्याकडे कुणाला गणित आलंय’ हे वाक्य अडतिसाव्या वर्षी कुणी नव्याने बनवत नाही. ते माहेरच्या स्वयंपाकघरात कधीतरी, बहुधा मायेनेच, बोललं गेलेलं असतं. सातवीत नापास झालेल्या मुलीला समजावताना आई म्हणाली असेल, असू दे गं, आपल्याकडे कुणालाच येत नाही. त्या दिवशी त्याने धीर दिला असेल. आज तेच पायात येतंय. आईला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ‘हे माझ्याविषयीचं सत्य नसून ऐकलेलं वाक्य आहे’ एवढं लक्षात आलं, तरी त्याची पकड बरीच सैल होते.

आता वाक्य बदलण्याविषयी. तुम्हाला ‘जमणार नाही’च्या जागी ‘जमणारच’ ठेवायला सांगितलं गेलं. दोन्ही निकालच आहेत, आणि निकाल लागल्यावर काम थांबतं. ज्या वाक्याने हात हलतो ते कामाचं वर्णन असतं. ‘मला अकाउंटिंग येत नाही’ हे वाक्य घेऊन तुम्ही काहीच करू शकत नाही. ‘घसाऱ्याच्या नोंदी येतात, पण बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे पासबुक आणि कॅशबुक जुळवताना, कुठला आकडा मिळवायचा आणि कुठला वजा करायचा तिथे मी गोंधळते’ हे खरं आहे, थोडं बोचरंही आहे, आणि त्याच्या पुढे लगेच एक काम उभं राहतं. तुमचे ४१ मार्क मला कमी वाटत नाहीत. पास व्हायला ५० लागतात, म्हणजे नऊ मार्कांचं अंतर आहे. नऊ मार्क म्हणजे कुठले दोन-तीन धडे, हे तुम्ही तासाभरात काढू शकाल. ‘मी हुशार आहे का’ हा प्रश्न मात्र आयुष्यभर सुटणार नाही आणि तो सोडवायची गरजही नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली आणि मुंबईच्या के. एम. फडके सरांनी ती मराठीत रुजवली, म्हणून आपल्याकडे ती अनेकांना माहीत आहे. त्यात एक फरक फार नेमका सांगितलेला आहे: ‘मला पास व्हायचंय’ आणि ‘मी पास झालंच पाहिजे, नाहीतर माझी काही किंमत नाही’. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात स्वतःवर बसवलेली जबरदस्ती. ‘च’ लागला की प्रत्येक चुकलेल्या नोंदीत स्वतःची किंमत पणाला लागते, आणि माणूस चूक टाळण्यासाठी पुस्तकच टाळू लागतो. चालढकलीचं हे कारण मला आळसापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडलं आहे. दोनदा परीक्षा देऊन तीन पेपर सोडवणारी बाई आळशी नसते.

स्वतःला हाक कशी मारायची, हेही बघा. इथे थोडं रेंगाळते, कारण हा भाग मला मनापासून आवडतो. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की ताणाच्या प्रसंगी जी माणसं स्वतःशी ‘मी’ म्हणून न बोलता स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोलली, ती कमी घाबरली आणि त्यांनी भाषणही जास्त चांगलं केलं. ‘मी’ म्हटलं की आपण त्या प्रसंगाच्या आत असतो, नाव घेतलं की हातभर लांब येऊन बघतो, जसं मैत्रिणीची अडचण आपल्याला तिच्यापेक्षा स्वच्छ दिसते. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला लहानपणची संध्याकाळ आठवली. शुभंकरोति झालं की आजी मनाचे श्लोक म्हणून घ्यायची. २०५ श्लोक, आणि ठिकठिकाणी ‘मना’ अशी हाक. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलणं. शिवाय, उपदेशाच्या आधी समर्थ त्याला ‘सज्जना’ म्हणतात. आधी त्याला चांगलं माणूस मानायचं, मग काय करायचं ते सांगायचं. हा क्रम मी आजही माझ्या कामात पाळते.

कारण नुसतं ‘तू’ म्हणून भागत नाही. शिव्याही आपण स्वतःला ‘तू’ म्हणूनच घालतो. ‘तुला कधी अक्कल येणार?’ हेही द्वितीय पुरुषातच आहे. तेव्हा कसोटी अशी ठेवा: शेजारच्या काउंटरवरची नवी मुलगी हीच चूक करून तुमच्याकडे आली असती, तर तिच्याशी जे बोलला असता तेच, त्याच सुरात, स्वतःचं नाव घेऊन बोला. तुम्ही तिला ‘तू महान आहेस’ म्हणाला नसता आणि ‘तुझ्याने होणार नाही’ असंही म्हणाला नसता. ‘अगं, इथे बघ, हा चेक अजून वटलेला नाही, म्हणून तो वजा’ असं म्हणाला असता. तुम्हाला हे बोलता येतं. फक्त ते स्वतःकडे वळवलेलं नाही.

मी स्वतः ४६व्या वर्षी शिवाजी पार्कच्या तरण तलावात पोहायला शिकले. खोल पाण्याकडे जाताना मी मनात ‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ म्हणायचे आणि हातपाय आणखी आखडायचे. शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस सांगितलं, बाकी सगळं सोडा, फक्त म्हणा ‘सोड... वळ... घे’. श्वास पाण्यात सोड, मान वळव, श्वास घे. तीन शब्द. भीती होतीच, पण लक्ष द्यायला दुसरं काहीतरी मिळालं. खेळाडूंच्या स्वसंवादावरच्या ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली ग्रीक संशोधकांनी घेतला, तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. बारीक कौशल्याच्या कामात तर जोश भरणाऱ्या वाक्यांपेक्षा काय करायचं ते सांगणारे शब्द जास्त उपयोगी पडले. जोशाचीही जागा आहे. सायकलवर दम निघेपर्यंत पाय मारायचे असतील किंवा मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ समोर असेल, तिथे ‘चल, अजून थोडं’ याने खरंच बळ येतं. पण अकाउंटिंगचा पेपर हा पेडर रोड नाही. तिथे ‘आधी तारीख बघ, मग बाजू ठरव’ असलं वाक्य हवं.

मानसिकतेविषयी थोडक्यात. बुद्धी वाढू शकते असं मानणारी मुलं अपयशानंतर जास्त टिकतात, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा विचार आता शाळाशाळांत पोहोचला आहे. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर त्याची मोठी चाचणी झाली. तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सत्र दिलं, आणि मागे पडलेल्या मुलांचे गुण सरासरी ०.१ ग्रेड पॉइंटने वाढले (तिकडे हे गुण साधारण चारपैकी मोजतात). इतक्या छोट्या सत्रासाठी हे मोलाचं आहे. पण ‘मानसिकता बदला, आयुष्य बदलेल’ असं सांगणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावं. विश्वासाने दार किलकिलं होतं, आत चालत जावं लागतंच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलं आहे की ‘मला हे जमेल’ ही भावना सगळ्यात पक्की होते ती स्वतः काहीतरी करून दाखवल्याच्या अनुभवाने. दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने कच्चा पडतो. म्हणून तुम्ही आत्मविश्वास येण्याची वाट बघू नका. वहीचा आठवडा संपला की रिकन्सिलिएशनचं सगळ्यात सोपं एक गणित सोडवा. उद्याच्या आत्मविश्वासाला तेवढा पुरावा लागतो.

आणि ते गणित कधी सोडवायचं? ‘वेळ मिळेल तेव्हा’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांवर आयुष्यभर काम केलं. २००६ च्या आढाव्यात असे ९४ अभ्यास तपासले गेले आणि नुसत्या इच्छेपेक्षा अशा ठरावाने काम पार पडण्याचं प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. संध्याकाळी तुम्ही सीएसएमटीहून गाडी पकडता, म्हणजे निदान बसायला जागा मिळण्याची शक्यता आहे. तुमचा ठराव असा: ‘भायखळा गेलं की गणिताची वही उघडायची, घाटकोपर आलं की मिटायची.’ फास्ट गाडीला ती वीसेक मिनिटं होतात. दोन गणितं. घाटकोपरनंतर डोळे मिटा, गप्पा मारा, भाजी निवडा, काहीही करा, मनात टोचणी नको. पावणेदहाची वेळ मी मुद्दाम वगळते आहे. त्या वेळी तुम्ही दमलेल्या असता, आणि दमलेल्या माणसाच्या मनातली वाक्यं जास्त कडवट असतात. रोज रात्री हरायची लढाई रोज रात्री कशाला लढायची?

जागा मिळाली नाही तर? तर उभ्याने कालच्या गणिताची फक्त पद्धत मनात म्हणायची. हेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पहिल्या गर्दीच्या दिवशी सगळं बारगळेल. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गॅब्रिएल ओटिंगेन यांचं काम याच मुद्द्यावर आहे: यशाचं नुसतं गोड चित्र रंगवलं की मन थोडं आधीच निवांत होतं. इच्छेच्या शेजारी अडथळाही ठेवून पाहिला, तर माणूस कामाला लागतो.

चार-सहा दिवस नीट जातील, मग एक दिवस मोडेल. पाहुणे येतील, मुलीला ताप येईल. त्या दिवशीचं वाक्य मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. चतुर्थीचा उपास चुकून मोडला की आपण काय करतो? ‘आता मोडलाच आहे’ म्हणून संध्याकाळपर्यंत सगळंच खातो. अभ्यासाचंही तसंच होतं. एक दिवस चुकला हे नुकसान लहान असतं. ‘आता गेलंच सगळं’ हे वाक्य आठवडा खातं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा त्या दिवशी म्हणायचं वाक्य आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ‘आज राहिलं. उद्या भायखळा.’

स्वतःशी सौम्य बोललं तर आपण सैल पडू, ही भीती बहुतेक सगळ्यांना वाटते, आपल्या पिढीला जरा जास्तच. छडी लागे छमछम ऐकतच आपण मोठे झालो. पण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०१२ साली झालेला एक प्रयोग नेमका तुमच्यासारख्या प्रसंगाचा आहे. अवघड चाचणीत वाईट मार्क पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं गेलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. समजूत घातलेलं मन पुस्तकाजवळ परत येतं. रागावलेलं मन पुस्तक दिसलं की तोंड फिरवतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे ते. सकाळी साडेपाचला उठणं, दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं, जाऊन-येऊन अडीच-तीन तास प्रवास, परत आल्यावर पुन्हा ओटा. हा भार मनातल्या वाक्यांनी हलका होणार नाही. मानसिकतेवर बोलताना आम्ही समुपदेशक हे बऱ्याचदा गाळतो, आणि मग बाईला वाटतं सगळी कमतरता तिच्याच डोक्यात आहे. काही वाक्यं मनात नाही, घरात मोठ्याने बोलायची असतात. ‘परीक्षा होईपर्यंत मंगळवारी आणि गुरुवारी रात्रीची भांडी आणि ओटा माझ्याकडे नाही.’ विनंतीच्या सुरात पाच वाक्यांची प्रस्तावना नको, भांडणाच्या सुरातही नको. वार सांगा, काम सांगा, किती दिवस ते सांगा. मुलगी नववीत आहे, तिलाही सांगा. आईचा अभ्यास घरात दिसला पाहिजे, लपूनछपून नको.

आणखी एक. वहीत ‘जमणार नाही’च्या पुढे जाऊन ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा वळणाचं काही आलं, किंवा दोन आठवडे झोप, भूक, कशातच मन नसणं असं चाललं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी हात गार पडतील, छाती धडधडेल. ‘शांत हो’ म्हणू नका, शरीर ते ऐकत नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं की अशा वेळी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली, कारण भीती आणि हुरूप यांत धडधड सारखीच असते. तुम्ही स्वतःचं नाव घ्या आणि म्हणा, ‘अंग कामाला लागलंय. आधी तारीख बघ, मग बाजू ठरव.’

पण ते नंतर. या आठवड्यात फक्त वही. सात दिवसांनी त्यातलं जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा आलं असेल, ते मला तुमच्याच शब्दांत, काही न सुधारता लिहून पाठवा.